तेरावा खडा

टाचणीचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि तपासनीसांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेवणाच्या टेबलाच्या खणात, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली पडून होतं. चमचा काढायला खण उघडला की पाकिटाचा कोपरा दिसे. तपासनीस चमचा घेत आणि खण इतका हळू लावत, जणू आत कुणी झोपलं आहे.

बायको दोन आठवडे मूग गिळून बसली. मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "त्या पोरीला हो किंवा नाही, काहीतरी कळवा. विहिरीत दगड टाकला तरी आवाज येतो."

"पोरगी कसली, पन्नाशीची बाई आहे ती आता."

"मग तर जास्तच लाज वाटायला हवी."

तपासनीसांनी चहा बशीत ओतला आणि तिकडे लक्ष घातलं.

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना तपासनीस म्हणूनच ओळखत. एका जुन्या छापखान्याच्या तपासणी खोलीत त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. तो छापखाना भरती-ओहोटीचे तक्ते छापायचा. कुठल्या दिवशी, किती वाजता, बंदरात किती मीटर पाणी असेल, याची वर्षभराची पानं. पानावर शब्द जवळजवळ नसत, नुसते आकडे. तपासायला दोघं बसत. वाचक हस्तलिखितातला आकडा मोठ्याने वाचे आणि समोरचा छापील कच्च्या पानावर तो बघून पेन्सिलीची बारीक खूण करी.

यात एक गोम होती. तासाभराने माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. हात खुणा करत राहतो आणि मन घरी जाऊन पोचतं. म्हणून त्या खोलीत फार जुना रिवाज होता. वाचकाने प्रत्येक पानात एक आकडा मुद्दाम चुकीचा वाचायचा. त्याला म्हणायचे खडा. तांदळात निवडून काढावा तसा तो ऐकणाऱ्याने काढायचा. पेन्सिल टेबलावर दोनदा ठोकायची आणि म्हणायचं, "खडा." तो निसटला तर अख्खं पान पहिल्यापासून पुन्हा वाचायचं. या रिवाजापुढे साहेबाचंही चालत नसे.

टाचणी तिथे लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. पानं जोडायला टाचण्या लागत आणि ही दोन-तीन टाचण्या कायम कॉलरला खोचून ठेवी, म्हणून ते नाव. नावाला साजेशी होतीही, अंगाने बारीक आणि टोकदार. कामाच्या तिसऱ्या आठवड्यात ती तपासनीसांसमोर बसली होती. ते वाचत होते. त्यांनी खडा टाकला, तिने तो उचलला, ते पुढे गेले. खाली सात-आठ ओळींवर त्यांनी वाचलं, "ओहोटी, दोन पूर्णांक एक."

पेन्सिल पुन्हा दोनदा वाजली. "खडा."

तपासनीसांनी हस्तलिखितात पाहिलं. तिथे दोन पूर्णांक एकच होतं. तिच्या छापील पानावरही तेच. "हा खडा नाही. तुझ्या पानावर वेगळं आहे का काही?"

"वेगळं नाही. पण आदल्या दिवशीची ओहोटी एक पूर्णांक एक आहे, नंतरच्या दिवशीची एक पूर्णांक तीन. मध्येच दोन पूर्णांक एक कशी येईल?"

खोलीतले बाकी चार जण बघत होते. तपासनीसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते म्हणाले, "खडा मी टाकतो, तू शोधायचा. मी टाकला नाही तिथे शोधू नकोस. पुढे चल."

ती पुढे गेली. पान छापलं गेलं.

हस्तलिखितच चुकलं होतं. वर, गणितं मांडणाऱ्यांच्या कचेरीत, कुणीतरी एक पूर्णांक दोनचे आकडे उलटसुलट उतरवले होते. तक्त्यातल्या त्या तारखेला टोमॅटोच्या पेट्या भरलेली एक बोट दोन मीटर पाणी आहे या भरवशावर आत आली आणि चिखलात रुतली. दिवसभर उन्हात उभी राहिली. माणसं सुखरूप होती, टोमॅटोचा रस झाला. चौकशी आली, तपासनीसांनी "नजरचुकीने राहिलं" असं लिहून दिलं. शिल्लक सगळ्या प्रतींवर दुरुस्तीच्या पट्ट्या त्यांनी स्वतः बसून चिकटवल्या, बाराशे. शेजारी बसून टाचणी पट्ट्या कापून देत होती. मी पेन्सिल ठोकली होती, हे तिने चौकशीत सांगितलं नाही, नंतरही कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही कधी तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी ती शिकायला निघून गेली. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आणि आता हे पत्र.

पत्रात तिने आधी लिहिलं होतं की ती कागदावर का लिहिते आहे. ती जिथे काम करते तिथे माणसांपेक्षा हुशार यंत्र घडवलं जातंय, आणि संगणकावर उमटलेली अक्षरं त्या यंत्राच्याही नजरेखालून जातात. पुढे होतं:

"सर, हे यंत्र तपासायच्या खोलीची मी प्रमुख आहे. तपासणी कशी करायची असा प्रश्न आला तेव्हा मी आपला रिवाज सांगितला. आम्ही त्याला मोठमोठी कामं तपासायला देतो आणि त्यात मुद्दाम चुका पेरतो. इथे सगळे अशा चुकीला खडाच म्हणतात. ज्यांना तो शब्द नीट म्हणता येत नाही तेही म्हणतात. यंत्र आजवर एकही खडा चुकलेलं नाही. मागच्या महिन्यात आम्ही एका गठ्ठ्यात बारा खडे टाकले. त्याने बाराही काढले आणि तेरावा दाखवला. तो आम्ही टाकलेला नव्हता. यंत्र सुरक्षित आहे की नाही हे ज्या कसोटीवर ठरतं, ती कसोटीच त्या गठ्ठ्यात होती. यंत्राचं म्हणणं, कसोटी सदोष आहे, तिच्यावर मी पास झालो याला अर्थ नाही. वरचे म्हणतात, बारापैकी बारा मिळाले, पूर्ण गुण, तेराव्याचं सोड. माझ्या खोलीतले काही म्हणतात, ही यंत्राची लबाडी आहे, आपण त्याच्यावर भाळावं म्हणून. एक तारखेला मला सही करायची आहे. मग ते मोठ्या कामांवर सोडलं जाईल. सर, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

शेवटचं वाक्य तपासनीसांनी इतक्यांदा वाचलं होतं की आता त्यांना ते तिच्या आवाजात ऐकू येई. तुम्ही असता तर काय केलं असतं. ते असताना त्यांनी काय केलं होतं हे जगात दोघांनाच माहीत होतं. हा टोमणाच आहे, असं त्यांना रोज सकाळी वाटे. संध्याकाळपर्यंत वाटे की नसेल. पण टोमणा नसला तरी, जगातली डोकी ज्यावर झिजतायत त्यात आपण काय सांगणार? उंटावरून शेळ्या हाकायच्या तरी निदान उंट हवा.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई विमा विकायचा. धोका हा त्याचा पोटापाण्याचा विषय असल्याने त्याला सगळ्यातलं कळायचं.

"बाबा, दोनच शक्यता आहेत," तो म्हणाला. "एक तर हे यंत्र सगळे रोग घालवेल, कुणाला काम करावं लागणार नाही. नाहीतर आपला सगळ्यांचा खेळ खल्लास."

"मधलं काही नाही का?" बायकोने विचारलं.

"मधलं नसतंच, आई."

"आमच्या लग्नाच्या वेळी तुमच्या सासऱ्यांबद्दल माझे वडील हेच म्हणाले होते. एक तर हिऱ्यासारखा निघेल, नाहीतर कोळशासारखा. चव्वेचाळीस वर्षं मी मधलंच वापरतेय."

लेक हसून ठसकली. तपासनीस पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवत म्हणाले, "पण ते तपासणाराही कुणी असेल ना?"

"कोण तपासणार? आपल्यापेक्षा हजारपट हुशार असलेल्याला आपण कसं तपासणार? मुंगीने हत्तीचे दात मोजायचे?" जावयाने हात धुतले. "ज्या दिवशी ते आपल्यापुढे गेलं, त्या दिवशी तपासणी संपली. मग नुसतं मान डोलवायचं."

हे बोलणं तपासनीसांना कुठेतरी खटकलं. कुठे ते त्यांना सांगता येईना. एखादा आकडा कानाला बोचावा आणि पानावर मात्र तो बरोबर दिसावा, तसं.

सोमवारी, चोवीस तारखेला, ते केस कापायला गेले. न्हावी त्यांच्याच वयाचा होता. तीस वर्षं त्यांचं डोकं त्याच्या ताब्यात होतं, आणि आता त्यावर केसांपेक्षा गप्पाच जास्त उरल्या होत्या.

"यंत्र येतंय म्हणे, सगळ्यांच्या वरचं," न्हावी म्हणाला. "माझा मुलगा म्हणतो, दुकान विका. मी म्हटलं, येऊ दे. खुर्ची रिकामीच आहे. त्यालाही बसवतो."

"भीती नाही वाटत?"

"हातात वस्तरा माझ्या आहे. घाबरायचं ते गिऱ्हाइकाने." कात्री चालत राहिली. मग त्याने त्यांच्या मानेवरचे केस झटकले, खांद्यांवरचं कापड काढलं, आणि नेहमीसारखा छोटा आरसा त्यांच्या डोक्यामागे धरला. समोरच्या आरशात तपासनीसांना आपल्या मानेचा मागचा भाग दिसला. त्यांनी मान डोलवली.

"बघा," न्हावी म्हणाला. "तुम्हीपण."

"काय मीपण?"

"इतकी वर्षं हा आरसा धरतोय. प्रत्येक जण मान डोलवतो. मागे काय झालंय ते बघत कुणी नाही. आरसा दिसला की मान आपोआप हलते. मंत्री असो की हमाल." त्याने आरसा पुसला. "एकदाच एक मुलगी आली होती, एवढीशी, आईबरोबर. आरसा धरला तर म्हणते, वाकडं झालंय. आईने तिला गप्प केलं, काकांना कळतं म्हणे. मी म्हटलं, थांबा हो बाई, बघू तरी. आणि खरंच वाकडं होतं. तिला काय केस कापता येत होते? तिला फक्त दिसत होतं, आणि सांगायची लाज नव्हती."

तपासनीस खुर्चीत बसून राहिले. जावयाच्या बोलण्यातलं जे खटकत होतं ते आता हाताला लागलं. छत्तीस वर्षं ते ज्यांची गणितं तपासत आले, ती करणारी माणसं त्यांच्यापेक्षा कितीतरी हुशार होती. चंद्राची ओढ आकड्यात बसवणारी माणसं. तपासनीसांना त्यातलं एक समीकरण मांडता आलं नसतं. तरी त्यांच्या हाताखालून पानं स्वच्छ निघत होती. स्वयंपाक न येणाऱ्यालाही मीठ जास्त झालेलं कळतं. तपासायला उंची लागत नाही. एक पान चुकलं ते टाचणीला कमी कळत होतं म्हणून नाही. तिला बरोबर दिसलं होतं आणि तिने सांगितलंही होतं. चुकलं ते ऐकणाऱ्याचं.

"परत धरा तो आरसा," ते म्हणाले.

न्हाव्याने धरला. तपासनीसांनी चष्मा लावला आणि खरंच बघितलं. "डावीकडे जरा जास्त राहिलेत."

न्हाव्याने वाकून पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला आणि मग मिशीतून हसू फुटलं. "राहिलेत खरे. बसा."

घरी आल्या आल्या ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "एक विचारू? माझं चुकतंय हे दिसत असून तू कधी गप्प बसलीस का?"

"तारीखवार सांगू की विषयवार?" बायको म्हणाली.

"मी खरंच विचारतोय."

तिने गॅस बारीक केला. "पहिली काही वर्षं बसत होते. मग कानाला खडा लावला. का, झालं काय?"

"काही नाही. लिहायला बसतो."

ते दुपारभर लिहीत होते. चार पानं झाली. त्यात तपासणी खोलीचा इतिहास आला, खड्याचा रिवाज कुणी सुरू केला असावा याबद्दलचे तर्क आले, मोठ्या माणसांच्या छोट्या चुकांची उदाहरणं आली, यंत्राबद्दलची नम्र मतं आली. अक्षर सुबक होतं. पाच वाजता त्यांनी ती पानं बायकोपुढे ठेवली. तिने चष्मा लावून चारही पानं वाचली. मग भाजी चिरायच्या सुरीची मूठ टेबलावर दोनदा ठोकली.

"खडा."

"कुठे?"

"यात नाही तिथे. त्या दिवशी काय झालं ते कुठे लिहिलंत?"

तपासनीसांनी पानं उचलली. "तुला कसं माहीत त्या दिवसाचं?"

"बाराशे पट्ट्या चिकटवून तुम्ही घरी आलात आणि आठ दिवस जेवला नाहीत. नजरचुकीने कुणी आठ दिवस उपाशी राहत नाही. मला सगळं माहीत नाही, पण त्या पोरीचं काहीतरी देणं आहे एवढं कळतं. ते नसेल तर ही चार पानं म्हणजे नुसता गुळगुळीत कागद आहे. पुन्हा वाचा. पहिल्यापासून."

रिवाज म्हणजे रिवाज. तपासनीसांनी चार पानं बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. या वेळी अर्धा तासही लागला नाही.

"टाचणी,

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तू पेन्सिल ठोकलीस आणि मी तुला पुढे चल म्हणालो. ते चूक होतं. चौकशीत मी नजरचुकीने राहिलं असं लिहिलं, तेही खरं नव्हतं. तुला दिसलं होतं. चार माणसांसमोर माझी लाज वाचावी म्हणून मी तुला गप्प केलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी असतो तर काय केलं असतं, असं विचारतेस. मी होतो तेव्हा काय केलं ते तुला माहीत आहे. आज असतो तर थांबलो असतो. तुझं म्हणणं बरोबर निघालं म्हणून मी चुकलो, असं समजू नकोस. तो आकडा बरोबर निघाला असता तरी मी चुकलेलोच होतो. पेन्सिल वाजली की थांबायचं. ती कुणी वाजवली, लहानाने की मोठ्याने, भोळ्याने की लबाडाने, हे नंतर बघायचं. तुझं यंत्र लबाडी करत असेल तरीही थांबूनच ते कळेल, पुढे जाऊन नाही.

पण ते हुशार आहे म्हणून त्याचं खरंही मानू नकोस. आपल्याकडे हस्तलिखित होतं, छापील पान होतं, दोन्ही जुळत होती, आणि दोन्ही चूक होती. बंदरावर मीटरच्या खुणा केलेला खांब चालत पंधरा मिनिटांवर होता. तिथल्या नावाड्याला आकडे वाचता येत नव्हते, पण त्या तारखांना पाणी कुठवर येतं ते त्याने हात करून दाखवलं असतं. आम्ही कुणी गेलो नाही. कसोटी बरोबर की चूक हे यंत्राला विचारू नकोस, वरच्यांना विचारू नकोस. कसोटी जे मोजते म्हणते, ते स्वतः जाऊन बघ. तुमच्याकडेही कुठेतरी खांब असेल. तो सापडेपर्यंत सही करू नकोस. सापडला आणि सगळं जुळलं, तर न घाबरता कर. आपल्यापेक्षा मोठ्यांची कामं आपण आधीही तपासली आहेत.

आणि तुझ्या खोलीत सगळ्यात नवीन कोण आहे? त्याला किंवा तिला तेराव्याबद्दल काय वाटतं, ते विचारलंस का?

उत्तराला उशीर झाला. तोही माझाच दोष."

बायकोने वाचलं. सुरी खाली ठेवली. "हं," ती म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांत तपासनीसांच्या लिखाणाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद होती.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. आज निघालं तर एकोणतीसला पोचेल. पाकिटावर तिकीट घरीच लावलं होतं. त्यांनी पाकीट खिडकीतल्या बाईपुढे सरकवलं. तिने ते हातावर तोललं, मग काट्यावर ठेवलं.

"आजोबा, तिकीट कमी पडतंय. अजून एक लागेल."

तपासनीस तोंड उघडून म्हणणारच होते की मी इतकी वर्षं पत्रं टाकतोय. त्यांनी काट्याकडे पाहिलं. सुई खुणेच्या थोडी पलीकडे होती.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. दुसरं तिकीट त्यांनी तिथेच ओलं करून लावलं, अंगठ्याने दाबून धरलं, आणि पाकीट पेटीच्या फटीतून आत सोडलं.